कल्याणची ती आई

हे आजवर मी कुणापाशी बोललेलं नाही. नवऱ्यापाशीसुद्धा नाही. तुम्हाला सांगते आहे, पण ऐकून माझी कीव करू नका — मला किवेची चीड आहे.

अंबरनाथ पश्चिमेच्या एका शाळेत मी शिकवते. पालकसभेत मुलांच्या मनाविषयी बोलायचं काम हमखास माझ्या गळ्यात पडतं. मूल बोलताना अडलं तर त्याचं वाक्य तुम्ही पुरं करू नका, थांबा, त्याला वेळ द्या — मी सांगते, बाया माना डोलावतात. मग कल्याणच्या एका आईची गोष्ट सांगते. तिने पोरीला काय केलं ते ऐकून सगळे चुकचुकतात. मागच्या सभेत तर एक बाप भडकलाच, "अशा बाईला पोरं कशाला पाहिजेत, मॅडम?" मी हो म्हटलं. जीभ झडली नाही माझी!

कल्याणला अशी कुणी आई नाही. ती मीच.

आम्ही तेव्हा उल्हासनगरला राहायचो, विहाराच्या मागे. जयंतीला आमच्या वस्तीत पोरांची भाषणं होतात. ज्याचं पोर स्टेजवर चढत नाही, त्याने पोराला काही शिकवलं नाही — असा सरळ हिशेब. आणि मी तर वस्तीतली बाई, शिक्षिका! माझी प्रज्ञा आठ वर्षांची होती, बोलताना अडायची. तरी मी तिचं नाव दिलं. भाषणही मीच लिहिलं, जड जड शब्दांचं. कुणासाठी? तिच्यासाठी?

'जय भीम' ती खणखणीत म्हणाली. दोन-तीन वाक्यंही गेली. मग एका शब्दावर ओठ मिटले ते उघडेनात. आणि ऐका — कुणीही हसलं नाही. पुढच्या खुर्चीतले एक आजोबा म्हणाले, "सावकाश बोल गं बाय, आम्हाला कुठं जायचंय?" अख्खी वस्ती थांबायला तयार होती. दम नव्हता तो मला. मी स्टेजवर चढले, तिच्या हातातला माईक ओढला आणि उरलेलं भाषण मीच ठोकलं, हातवारे करून. ती शेजारी तशीच उभी. टाळ्या पडल्या. लोकांना वाटलं, आईने पोरीला सांभाळून घेतलं. मला त्या टाळ्या आवडल्या — आज स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

घरी आल्यावर मी तिच्या पाठीत धपाटा घातला. नाक कापलंस माझं, म्हटलं. ती रडली नाही. न अडता म्हणाली, "मम्मी, येत होता मला शब्द."

मी तिची माफी मागितली नाही. तेव्हा नाही, नंतर कधीच नाही. का नाही, याची कारणं शोधत बसले तर सापडतीलही — पण ती शोधायचा मला काय अधिकार?

प्रज्ञा आता बदलापूरला एका ऑफिसात असते. दिवसभर कॉम्प्युटरपुढे, कुणाशी बोलावं लागत नाही, म्हणून तर तिने ते काम धरलं. मागच्या महिन्यात तिला बघायला पाहुणे आले. मुलाने साधंच विचारलं, काम कसलं करता? तिचे ओठ मिटले. मुलगा शांत बसून होता, त्याला घाई नव्हती. प्रज्ञाने माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

उत्तर मी दिलं.