वन्संनी जगवलेली टाकी

आमच्या दोनशे घरांचं सांडपाणी शुद्ध करून नदीत सोडणारा छोटा प्लँट वन्संनी बावीस वर्षं चालवला. वन्सं म्हणजे माझी धाकटी नणंद. माझे यजमान गेल्यापासून आम्ही दोघी एकत्र राहतो. लोक नाकाला रुमाल लावून प्लँटच्या फाटकावरून जात, आणि वन्सं आत डबा उघडून निवांत जेवत.

तिथली मुख्य टाकी कायम तपकिरी. तिच्यात खालून हवा सोडतात आणि डोळ्यांना न दिसणारे जंतू पाण्यातली घाण खातात. वन्सं त्यांना ‘मंडळी’ म्हणत. रोज सकाळी ते पाणी काचेच्या उंच बरणीत अर्धा तास ठेवायचं. मंडळी गाळ होऊन तळाशी बसली आणि वरचं पाणी नितळ राहिलं, की काळजी मिटली.

डोळ्याच्या ऑपरेशनसाठी त्या चार दिवस रजेवर गेल्या. परतल्या तो सोमवार. मी रोजचं टिपून ठेवते त्या वहीत सकाळी सात-दहाची नोंद आहे. मी डबा द्यायला गेले होते. बरणीतला गाळ बसायलाच तयार नव्हता.

“अहो, मी टाकी साफ करून घेतली,” वसाहतीचे नवे सेक्रेटरी अभिमानाने म्हणाले. “दोन पोती ब्लीचिंग पावडर! तपासणीला साहेब येणार, त्यांच्यासमोर ती घाण कशी ठेवायची?”

“सगळी मंडळी यमसदनाला धाडलीत की हो!”

वन्संनी वसाहतीचं सांडपाणी राखीव तळ्यात वळवलं. तिथे पाच दिवसांचं मावतं. तोवर टाकी सुरू झाली नाही, तर घाण सरळ नदीत जाणार होती, आणि खालच्या अंगाचं गाव तेच पाणी पितं.

“थोडं सोडून द्या. वाहतं पाणी, कुणाला कळतंय?” सेक्रेटरी म्हणाले.

वन्संनी नदीकडच्या झडपेचं चाक काढलं आणि पिशवीत टाकलं. “आता उघडायचंच असेल, तर दातांनी उघडा.”

दिवसभर नुसती हवा सोडून त्यांनी पावडरीचा अंश घालवला. मंगळवारी आम्ही पलीकडच्या तीरावरच्या प्लँटवर गेलो. तिथल्या ऑपरेटरला वन्संनी दोन वर्षांपूर्वी नदीत फेस सोडल्याबद्दल चारचौघांत झापलं होतं.

“काय ताई, आज फेस मोजायला?”

“मागायला आलेय. जिवंत गाळ हवाय, दोन टँकर.”

“म्हणजे आमचा गाळ चांगला आहे?”

“नसता तर आले असते का?”

“जरा मोठ्याने म्हणा. आमच्या मॅनेजरांना ऐकू जाऊ दे.”

वन्संनी खरंच मोठ्याने म्हटलं. तो खो खो हसला आणि तीन टँकर दिले.

नवा गाळ टाकीत सोडून, आजाऱ्याला पेज पाजावी तसं, वन्सं तळ्यातलं पाणी त्याला थोडं थोडं देत राहिल्या. शुक्रवारी तळं काठोकाठ भरायला वीतभर उरलं. बरणीत गाळ बसला होता, पण वरचं पाणी अजून धूसर होतं.

“द्या ते चाक,” सेक्रेटरी हात पुढे करून म्हणाले.

“संध्याकाळपर्यंत थांबा.” आणि त्या दारोदार फिरल्या. कपडे धुऊ नका, अंघोळ एका बादलीत उरका.

“घरी पाहुणे आलेत हो!” एक शेजारीण कुरकुरली.

“मग त्यांना अर्धी अर्धी बादली.”

लोकांनी तोंडं वाकडी केली, पण ऐकलं. बावीस वर्षांत या बाईने कुणाकडे काही मागितलं नव्हतं.

साडेचारला बरणीच्या पलीकडे ठेवलेलं वर्तमानपत्र सेक्रेटरींनी पाण्यातून मोठ्याने वाचून दाखवलं. छोट्या जाहिरातीसुद्धा. मगच वन्संनी झडप उघडली.

तळं रिकामं व्हायला पुढे नऊ दिवस लागले. सेक्रेटरी रोज विचारत, “जरा भरभर सोडू या का?” वन्संनी एक थेंबही घाईने सोडला नाही.