विरजणाचं गणित

शेवटच्या संध्याकाळी आमी दोघांनी मिळून दही लावलं. मी गाडगं धरलं आन् माझ्या साळ्यानं कोमट दुधात ताप पाहायचा थर्मामीटर बुडवला. दुधाचा ताप पाहणारा माणूस अख्ख्या वाशीम जिल्ह्यात हा एकच. "आता त्याले गोळीही देतं का?" मी विचारलं. तो डोळे बारीक करून काच पाहत म्हणे, "भाऊजी, मधात बोलू नका. पारा हालते."

हा माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. कॉलेजात गणित शिकवायचा, लग्न केलं नाही. बायको गेली तेव्हा तेरवीले म्हणून एक पिशवी घेऊन आमच्या गावी अनसिंगले आला, तो राहिलाच. कधी जातं, असं मीही विचारलं नाही. नोकरी सुटली तरी त्याचं काम सुटलं नव्हतं. ते काम त्यानं मले असं समजावलं: माणसाच्या रक्तात डीएनए असते, त्याचा बारकासा तुकडा मशीनमधी टाकला की मशीन त्याच्या लाखो नकला काढते; तपासायले तेवढ्या लागतात म्हणे. मशीन तापली की तुकड्याचे दोन पदर सुटतात, थंड झाली की एकेक पदर आपला जोडीदार बांधून घेते. एकाचे दोन, दोनाचे चार. "यात गणित कायचं? दुप्पट तर म्हैसवालाही पाणी घालून करते," मी म्हटलं. तो म्हणे, "दरवेळी सगळ्यांची नक्कल होत नाही ना. काही तसेच राहतात, काही हरवतात. किती हरवतात, ते माझं गणित." हे गणित तो गोठ्याच्या भिंतीवर खडूनं मांडे आन् म्हैस अंग घासून निम्मं पुसून टाके. तो तिच्यावर कधी चिडला नाही. उरलेल्यावरून पुसलेलं पुन्हा काढे आन् एखाद्या वेळी तिच्या पाठीवर थाप मारून म्हणे, "हिनं चुकलेलंच पुसलं."

एकदा तर गावातून एकाच दिवसाचे पेपर गोळा करून आणले, टराटरा फाडले, कपटे कालवले आन् ओट्यावर बसून एका कपट्याच्या शेवटचे शब्द दुसऱ्याच्या सुरवातीशी जुळवत बातमी वाचायले लागला. डीएनएही असाच तुकड्यातुकड्यांनी वाचा लागते म्हणे, आन् मधात भोक राहू नये म्हणून किती कपटे पाहिजे, याचंही गणित असते. तेवढ्यात वारा सुटला. अर्धी आळी कपट्यामागं धावली. मी म्हटलं, "येड्या, एक अख्खा पेपर वाचला असता तर पोटात दुखलं असतं का?" "अख्खा पेपर कोणी देत नाही, भाऊजी," तो म्हणे. "तुकडेच भेटतात."

पण आमचं खरं भांडण दह्यावरून झालं. ते विरजण माझ्या बायकोचं होतं. लग्न होऊन आली तेव्हा माहेराहून आणलेलं, आन् तवापासून कालच्या दह्यानं आजचं दूध लावत आलेलं. तिच्या साड्या वाटल्या, बिछाना दिला. तिच्या हातचं चालू असलेलं तेवढंच एक घरात उरलं होतं, म्हणून मी रोज न चुकता लावत होतो. तिचा नेम असा की विरजण घराबाहेर द्यायचं नाही. आन् हा गडी वाटी भरून शेजारच्या वच्छलाबाईले देऊन आला. मी लय बोललो. "तुया बहिणीचा नेम मोडला तू." तो उलटून बोलला नाही. म्हणे, "सुरवातीले एकच तुकडा असला आन् तोच हरवला, तर मागून मशीन कितीही तापवा, काही हाती लागत नाही. ताईले एकाच गाडग्यात ठेवू नका, भाऊजी." मले ते पटलं नाही. रागानं मी त्याच्या ताटात दही वाढलं नाही. त्यानं स्वतः उठून घेतलं.

त्या शेवटच्या संध्याकाळी थर्मामीटर पाहून दही लावलं आन् तो झोपला. सकाळी चहा घेऊन हाका मारल्या, उठलाच नाही. दुपारी त्याले नेलं. परत आलो तर भावकीतल्या बायांनी रीतीप्रमाणं घर धुऊन काढलं होतं. मयताच्या घरातलं शिजलेलं, साठवलेलं, पाणीसुद्धा टाकून देतात. दह्याचं गाडगं अंगणात पालथं पडलं होतं, राखेनं घासलेलं. बायांची चूक नाही, मी सांगायले घरी कुठं होतो. पण गाडग्याजवळ बसलो आन् वाटलं, बायको आज गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वच्छलाबाईच्या दारी गेलो. सुतक होतं, बाहेरच उभा राहिलो.

"वच्छलाबाई, साळ्यानं दिलेलं विरजण आहे का काही?"

"आहे ना. नसतं तर त्यांनी मले सोडलं असतं का? रोज येऊन पुसत, आजचं लागलं का म्हणून. एक दिवस मी सगळ्याचं ताक केलं म्हटलं, तर पोरावाणी तोंड करून बसले. मग गंमत केली म्हणून सांगा लागलं."

आमची चूल बंद होती. तिनंच दूध तापवलं, ओट्यावर आणून ठेवलं, वाटीत दही आणलं. दुधात बोट बुडवून म्हणे, "झालं कोमट. लावा."

"थांबा," मी म्हटलं. घरी आलो, त्याच्या उशाजवळचा थर्मामीटर घेतला, परत गेलो. तो झटके तसा झटकला आन् दुधात धरला. आकडे काही दिसत नव्हते.

"भाऊ, दुधाले कायचा ताप पाहता आता?"

"मधात बोलू नका," मी म्हटलं. "पारा हालते."