उपाशी औषध

माझा मामा पस्तीस वर्षं गुहेतलं शेवाळ पुसतोय. कागदावर तो देखभाल कामगार आहे, पण सगळे त्याला शेवाळमामाच म्हणतात. मी त्याच गुहेच्या तिकीटखिडकीत बसते, म्हणून ही गोष्ट मला जवळून माहीत आहे. नसती तर बरं झालं असतं.

गुहेत ऊन येत नाही, म्हणजे तिथे शेवाळ असायलाच नको. पण बघायला आलेल्यांना दिवे लागतात, आणि दिवा लावला की त्याच्याभोवती हिरवं धरतं. दिवा बंद ठेवला तर ते आपसूक मरतं, हे मामाला पहिल्याच वर्षी कळलं. त्याने बारा वर्षं अर्ज केले, की निदान पडद्यावरचा दिवा तरी गट पुढे गेल्यावर बंद करत जा. साहेबांनी त्याला शेवाळ मारायच्या औषधाचे जास्तीचे कॅन पाठवले. रोग रेड्याला आणि औषध पखालीला!

पडदा म्हणजे छतातून उतरलेला दगडाचा पापुद्रा, दोन पुरुष उंच. थेंबाथेंबाने हजारो वर्षांत झालेला, आणि इतका पातळ की मागून टॉर्च धरला तर आतले तांबूस पट्टे दिसायचे. मामाला मूलबाळ नाही. सुट्टीच्या दिवशीसुद्धा तो पडदा बघून यायचा. "माझी सवत आहे ती," मामी म्हणायची, "तिच्यापुढे उभा राहिला की याला जेवायचंही भान नसतं." चिडून नाही हं, कौतुकानेच म्हणायची.

ते औषध फवारलं की हिरवं पांढरं पडून गळतं, पण ते दगडालाही खातं. म्हणून मामा आदल्या संध्याकाळी औषधाच्या पिंपात गुहेतलेच पडलेले खडे टाकून ठेवायचा. औषध त्या खड्यांवर फसफसायचं आणि सकाळपर्यंत शांत व्हायचं. "पोटभर जेवलेलं औषध भिंत खात नाही," असं तो प्रत्येक नव्या कामगाराला सांगायचा.

यंदा साहेबांनी गुहा उघडी ठेवायची वेळ दुप्पट केली. पडद्यावर रोज हिरवं दिसू लागलं आणि मामाच्या नाकी नऊ आले. आदल्या संध्याकाळी भरलेलं पिंप दुपारीच रिकामं व्हायचं. त्याने दुसरं पिंप मागितलं, ते मंजुरीत अडकलं. एके दिवशी मोठे पाहुणे यायचे होते, साहेब दोनदा ओरडून गेले होते. मामाने कॅन फोडला आणि खडे न टाकताच फवारा मारला.

"म्हटलं, एकदाच," त्याने मला नंतर सांगितलं. "काही झालं नाही गं. उलट हिरवं लवकर गेलं. मग दुसऱ्या दिवशीही तसंच केलं."

असं सगळा हंगामभर चाललं. पडदा पांढराशुभ्र दिसायला लागला. साहेबांनी चारचौघांत त्याची पाठ थोपटली.

हंगाम संपला त्या दुपारी मामा माझ्या खिडकीशी आला. त्याने हात पुढे केला. बोटांना पांढरी भुकटी लागली होती.

"चुना लागलाय मामा, धुऊन ये," मी म्हणाले. मूर्खच मी.

"चुना नाही गं," तो म्हणाला. "पडदा आहे. वरून सगळा भुसभुशीत झालाय. मागून टॉर्च धरला, उजेडच आला नाही. पट्टे गेले सगळे. मी खाल्ला गं त्याला, माझ्या हाताने."

मला त्याच्याकडे बघवेना. साहेबांचा राग आला, पण खरं सांगायचं तर मामाचाही आला. ज्याला कळतं त्यानेच असं करावं? मामीला सांगितलं तेव्हा ती तोंडावर पदर घेऊन रडली. सवत म्हणणारी तीच, आणि तिलाच आवरता येईना.

पुढे लोक पडद्यापाशी थांबेनासे झाले. खरबरीत भिंतीचा फोटो कोण काढणार? महिनाभराने साहेबांनी वीज वाचवायला तो दिवा कायमचा काढून टाकला.

आता तिथे शेवाळ येत नाही. बाकीच्या भिंतींसाठी मामा मात्र रोज संध्याकाळी पिंपात खडे टाकतो, मोजून, दोनदा बघून. मग अंधारातच पडद्यापुढे जाऊन उभा राहतो. खिशात टॉर्च असतो, तो लावत नाही.