आत्याची मोडलेली एकच सोयरीक

आमची आत्या कुणाच्याही घरी सांगून जात नसे. लग्नं जमवण्यात इंदापूर तालुक्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि स्थळ पाहायला ती भर दुपारी, जेवणाच्या वेळी, दारात उभी राहायची. "सांगून गेलं की घर सारवल्यालं असतं, आन् माणसं बी," असं ती म्हणे. मुलाचं शिक्षण, उसाचं क्षेत्र, पाण्याची पाळी हे सगळं ती शेवटी विचारी. आधी घरातल्या गड्याला भाकरी कोण वाढतं आणि काय बोलत वाढतं ते बघे. आपण जमवलेली सोयरीक कधी मोडली नाही, हे ती संधी मिळेल तेव्हा सांगे. संधी तिला वारंवार मिळत असल्यामुळे गावालाही ते पाठ झालं होतं.

आई गेल्यावर लासुर्ण्यातलं आमचं घर आत्यानंच सांभाळलं. पन्नास सालानंतरची गोष्ट. चुलत बहिणीच्या लग्नासाठी कासार ओसरीवर बांगड्या भरत बसला होता. माझी धाकटी बहीण सुशीला तेव्हा सतरा वर्षांची. तिनं उजवा हात पुढे केला, पण डावा देईना. कासार चेष्टा करू लागला, बायका हसू लागल्या. आत्यानं एकदा सुशीलाच्या तोंडाकडे पाहिलं आणि कासाराला म्हणाली, "ह्या बांगड्याचा रंग काय बरा न्हाय. ऊठ तू." रंग चांगला होता. कासार बिचारा पेटी आवरून गेला.

मग तिनं सुशीलाला माजघरात नेलं. सुशीला स्वतःच आपल्या हाताला इजा करून घेत होती, आणि ते बरेच दिवस चाललं होतं. मी दाराशी उभा होतो. आत्या ओरडेल, शपथा घालेल असं मला वाटलं. तिनं एवढंच विचारलं, "लई दुखतंय का गं?"

"हाताचं न्हाय," सुशीला म्हणाली.

वडिलांना कळलं तेव्हा ते घाबरले, आणि घाबरलेला बाप जे बोलतो तेच बोलले. "आक्का, लगीन उरकून टाकू. सगळं जाग्यावर यील."

"लगीन औषध असतं तर आपल्या ओसरीचा दवाखाना झाला असता," आत्या म्हणाली. "आदी डागदर बघू."

आणि तिनं डॉक्टर बघायला सुरुवात केली, अगदी स्थळ बघतात तसा. दुसरी पद्धत तिला ठाऊकच नव्हती. बारामतीत एक नामांकित डॉक्टर होते. त्यांच्या पदव्या पाटीवर मावत नसल्यामुळे पाटी शेजारच्या कापडदुकानापर्यंत गेली होती. त्यांनी अर्धं वाक्य ऐकलं, ताकदीचं औषध लिहून दिलं आणि सुशीलाला सुनावलं, "चांगल्या घरच्या मुली असं करीत नाहीत."

बाहेर आल्यावर आत्या म्हणाली, "ह्या घरात पोरगी द्याची न्हाय."

"आत्या, मुलगी द्यायची नाहीच आहे," मी म्हणालो.

"बोलायला बी न्हाय द्याची."

इंदापूरच्या वैद्यबुवांनी वात, पित्त आणि हल्लीच्या पिढीचा ऱ्हास यांवर व्याख्यान दिलं. मला ते थोडं आवडलं. आत्या मध्येच उठली. शेवटी वालचंदनगरच्या एका भल्या डॉक्टरानं सांगितलं, की मनाच्या आजारांचा अभ्यास केलेले एक डॉक्टर पुण्याहून बारामतीला बाजारच्या दिवशी मित्राच्या दवाखान्यात येऊन बसतात.

आम्ही अर्थातच जेवणाच्या वेळी पोचलो. डॉक्टर डबा खात होते. समोर दवाखान्याचा शिपाई बसला होता आणि दोघांत एकच चटणी होती. आत्यानं ती पाहिली आणि उलटतपासणी सुरू केली.

"राग येतो का तुमाला?"

"येतो."

"आई हाय?"

"नाही. गेली."

"रडला व्हता?"

डॉक्टरांचा घास हातातच राहिला. "उशिरा रडलो," ते म्हणाले.

आत्या आमच्याकडे वळली. "ह्यो चालंल. सुशे, तुला?"

सुशीलानं मान हलवली. मग डॉक्टरांनी आत्याला नम्रपणे बाहेर बसायला सांगितलं. तालुक्यातलं एकही घर जिला बाहेर ठेवू शकलं नव्हतं, ती निमूट पायरीवर जाऊन बसली.

बाजारामागून बाजार गेले. सुशीला आत बोलायची, आत्या बाहेर वांग्यांचा भाव करीत बसायची. आईच्या आजारपणात सगळी शुश्रूषा सुशीलानं केली होती आणि नंतर ती रडली नव्हती. आम्ही तिला शहाणी म्हणून मोकळे झालो होतो. डॉक्टरांनी घरच्यांना दोनच गोष्टी सांगितल्या. तिचे हात तपासू नका. आणि तिला तसं वाटू लागलं की ती कुणाला तरी हाक मारील, त्यानं नुसतं जवळ बसावं.

"आन् काय करावं?" आत्यानं विचारलं.

"काही नाही."

काही न करणं आत्याला सर्वांत अवघड गेलं. पण ती शिकली. चूल अर्धवट टाकून, तोंड मिटून सुशीलाजवळ बसायची. एकदा पावसाळ्यात पुन्हा तसं घडलं. वडील हताश झाले. आत्या म्हणाली, "पक्क्या सोयरिकीत बी रुसवं-फुगवं व्हत्यात, दादा. येत्या बाजारी जाऊ." आणि गेलो.

गावानं मात्र आपला निष्कर्ष काढला होता. आत्या पोरीला घेऊन डॉक्टरांचे उंबरे झिजवते, म्हणजे भाचीला डॉक्टर नवरा बघते. आत्यानं ते खोडलं नाही. पुढे सुशीला बरी होत गेली, फेऱ्या कमी झाल्या, तशी दुसरी बातमी आली, की डॉक्टरानं पोरगी नाकारली. आत्यानं तेही खोडलं नाही.

भवानीनगरला एका लग्नात, पंगत उठल्यावर, कारखान्यातल्या एका मुकादमाच्या बायकोनं सगळ्यांदेखत विचारलं, "काय आक्का, मोडली म्हणं सोयरीक? तुमची कंदी मोडत न्हाय न्हवं?"

आयुष्यभराचा डौल होता तो. आत्यानं पदर सारखा केला. "व्हय बाई. मोडली. माझ्याच हातनं बिघडलं."

सुशीला ताक वाढत होती. तिनं भांडं खाली ठेवलं. "सोयरीक न्हवती ती," ती म्हणाली. "मी आजारी व्हते. माझं मन आजारी व्हतं. त्या डॉक्टरांनी मला बरं केलं, आन् त्यो डॉक्टर आत्यानं हुडकला."

आत्या तिच्याकडे बघत राहिली; तसा तिचा चेहरा मी त्याआधी पाहिला नव्हता, नंतरही नाही. सुशीलानं भांडं उचललं आणि पुढच्या बाईला ताक वाढलं.

आत्याला जाऊन आता बरीच वर्षं झाली. तिनं जमवलेली जोडपी अजून भेटतात, आपापल्या संसाराबद्दल तिला दुवा देतात किंवा दोष देतात. मला मात्र त्या दिवशीची संध्याकाळ आठवते. आमची बैलगाडी निघायला आली तेव्हा मुकादमाची तीच बायको घाईनं आली, चाकाशी उभी राहिली. "आक्का," तिनं हळूच विचारलं, "कुटं बसतो त्यो डागदर? माझी थोरली..." आणि ती सांगू लागली.

दुसऱ्याच्या घरातलं सगळं कळल्याशिवाय जिला अन्न गोड लागत नसे, त्या आत्यानं तिच्या हातावर हात ठेवला. "मला सांगू नगंस," ती म्हणाली. "येत्या बाजारी पोरीला घिऊन ये. त्येला सांगू दे तिला."