अंडं फुटलं त्या दिवशी

मार्गासनीच्या पारूबाई गुडघ्याच्या उपचारांसाठी भोरला मुलाकडे, संघपालकडे राहायला आल्या. त्यानं नवा मायक्रोवेव्ह आणला होता. "आई, स्टीलचं भांडं तेवढं आत ठेवू नकोस," एवढंच त्यानं सांगितलं होतं.

एका दुपारी पारूबाईंनी सकाळचं उकडलेलं अंडं काचेच्या वाटीत ठेवून मायक्रोवेव्हमध्ये गरम केलं. दात लावताच अंडं फाटकन फुटलं आणि ओठ, गाल पोळले.

संध्याकाळी फोड बघून संघपाल म्हणाला, "एवढं साधं कळू नये तुला?"

पारूबाई संतापल्या. "म्या चुलीवर आख्खं घर पोसलं. ही पेटी तू आनलीस. अंडं फुटतं, हे सांगितलंस का? तुला तरी ठावं व्हतं?"

"न्हाई," तो पुटपुटला.

"मग आईंना कशाला बोलता?" सून शिवानी म्हणाली. "परवा हॉटेलातला पातळ प्लास्टिकचा डबा तुम्हीच आत ठेवलात. तो भाजीतच वितळला."

दुसऱ्या दिवशी संघपालनं माहिती काढून दोघींना सांगितलं. अख्खं अंडं, घट्ट झाकणाचा डबा, साधं प्लास्टिक आत ठेवायचं नाही. मायक्रोवेव्हसाठीची काच चालते.

"समजलं," पारूबाई म्हणाल्या. "आता चुकलो म्हन."

तो "चुकलो" म्हणाला, तेव्हा कुठं त्यांनी त्याला भाकरी वाढली.