राजय्यांचं "चालु"

माझी फजिती मीच सांगतो, म्हणजे तुम्हाला तिखटमीठ लावायचा त्रास नको. चहा येऊ द्या. आणि मधेमधे "मंग? मंग?" करू नका!

मला रेल्वेत नोकरी लागली, तिकीट खिडकीवर, आणि पोस्टिंग कुठे? बेल्लमपल्लीला. तेलंगणातलं कोळशाचं गाव! आम्ही महाराष्ट्राच्या सीमेवरच्या बेल्याकडचे, घरात मराठी, शाळेत मराठी. माझं तेलुगू म्हणजे स्टेशनांची नावं आणि आकडे. खिडकीसमोर दिवसभर माणसंच माणसं, पण ड्यूटी संपली की एक शब्द बोलायला कोणी नाही. फार एकटं वाटायचं हो. कधीकधी तर मी भाजीवालीशी उगाच घासाघीस करायचो, तेवढंच बोलणं व्हायचं.

म्हणून नागपूरहून गिटार आणली. रोज संध्याकाळी खोलीत वाजवायचो. वाजवायचो कसला, तारा ओढायचो!

आणि एक दिवस भिंतीपलीकडून आवाज आला, "चालु सार, चालु!"

हे शेजारचे राजय्या, खाणीत रात्रपाळीला जायचे. अरे, माझ्यासाठी हा माणूस मराठीत बोलतोय! डोळ्यांत पाणीच आलं. मी आणखी जोरात वाजवलं. पलीकडून आणखी जोरात, "चालु! चालु!" मग ते रोजचंच झालं. सुट्टीत घरी गेलो तेव्हा आईला सांगितलंसुद्धा, "माय, तिथं एकाले माझं वाजवनं लय आवडते."

पावसाळ्यात गिटारचं लाकूड ओल धरून बसलं आणि तिची मान पुढे वाकली. तारा इतक्या उंच गेल्या की दाबून दाबून बोटं सोलली. दुकानदाराने घेतानाच बजावलं होतं, "मानेच्या आत लोखंडी सळई असते. टोकाच्या नटाला चावीने पाव फेरा द्या, थांबा, मान बघा. जोर लागला तर सोडून द्या." सगळं पाठ होतं! पण चावीही मीच फिरवायची आणि मान सरळ झाली का तेही मीच बघायचं? माझ्या रसिकाशिवाय बोलावणार तरी कोणाला?

त्यांना बोलावलं आणि तेलुगूतलं आदराचं "गारू" लावून म्हटलं, "राजय्यागारू, ये गर्दन सीधी हुई तो बोलना."

राजय्यांनी एक डोळा मिटून मानेवरून नजर लावली. मी तारा सैल केल्या, पाव फेरा दिला, थांबलो. आणखी पाव दिला.

"चालु सार!"

चालू? दिला आणखी पाव.

"अरे चालु, चालु!"

काय हा हुरूप! हाताला जोर लागत होता, दुकानदार आठवत होता, पण रसिकाचा शब्द मोडायचा कसा?

"चालुऽऽ!" राजय्या ओरडले. मीही दातओठ खाऊन चावी फिरवली.

कडाड! मानेला ही एवढी चीर!

"आता काऊन डोकं धरून राह्यले?" मी मराठीतच किंचाळलो. "तुमीच म्हनून राह्यले होते ना, चालू!"

"चालु बोले तो बस, सार! तेलुगु में चालु मतलब बस! हो गया!"

मग हळूहळू डोक्यात उजेड पडायला लागला. पडला नसता तर बरं झालं असतं!

"तो फिर... रोज शाम को... दीवार के उधर से?"

राजय्यांनी मान खाली घातली.

"वो भी वहीच, सार. नाइट ड्यूटी रहती ना. नींदच नहीं होती."

आख्ख्या बेल्लमपल्लीत मला आपणहून हाक मारणारा हा एकच माणूस. आणि तो इतके महिने मला हात जोडत होता!

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भिंतीपलीकडून पहिल्यांदाच घोरणं ऐकू आलं. मान मोडलेली गिटार कोपऱ्यात उभी होती. मी भिंतीला पाठ लावून ऐकत बसलो, तेवढीच सोबत. म्हटलं, चालू राजय्यागारू, चालू!

मराठीतलं.