चौकटीचा नारळ

"मिस्त्री, तुम्ही जरा जिन्यात थांबा. पूजेचं तेवढं उरकून घेतो."

डोंबिवलीतलं तिसऱ्या मजल्यावरचं घर. सागवानी चौकट मी केलेली, दारही माझंच. आणि रविवारी सकाळी, ऐन मुहूर्ताला, मला जिन्यात थांबायला सांगत होते. सांगणारे घरमालक काका, बँकेतून रिटायर झालेले. कधी कुणाला अरेतुरे करणार नाहीत. अपमानसुद्धा अहोजाहो करूनच केला.

मी थांबलो. हत्यारांची पिशवी पायाशी ठेवली आणि पायरीवर बसलो. राग नंतर आला. आधी नुसता थकवा आला.

चौकट बसवताना सुताराचा मान असतो. हळदकुंकू वाहतात, आंब्याची डहाळी बांधतात, सुतार पहिला खिळा ठोकतो. मग घरची बाई त्याच्या हातात नारळ आणि टॉवेल-टोपी देते. बावीस वर्षांत असे कितीतरी नारळ मी शहाडला घरी नेले. मिस्त्री म्हटलं की लोक पुढचं विचारत नाहीत. मीही सांगत नव्हतो. खोटं बोललो नाही, पण गप्प बसलो. त्या गप्प बसण्याचंच ओझं झालेलं.

या वेळी तोंडातून निघून गेलं. काकांनी रविवारचा मुहूर्त सांगितला तेव्हा म्हटलं, "काका, रविवारी सकाळी चर्च असतं. जरा उशिरा जमेल का?"

"अच्छा, ख्रिश्चन का तुम्ही?" काका थांबले. मग हळूच, "आणि मूळचे कोण?"

मी सांगितलं. आज्याने नगरकडच्या गावात बाप्तिस्मा घेतला. त्यानंतरही गाव आमच्या वस्तीला मांगवाडाच म्हणत राहिलं. बाप कल्याणला आला आणि जन्मभर बिल्डिंगींचा कचरा उचलत राहिला. आमच्या घरात रंधा हातात धरणारा मी पहिला.

"बरं बरं. आमच्याकडे तसलं काही नसतं हो," काका म्हणाले. मुहूर्त तोच राहिला. मला वाटलं, खरंच नसेल.

म्हणून चर्च बुडवलं. त्या दिवशी माझी लेक उपासनेत पहिल्यांदा एकटी गाणार होती. बायको म्हणाली, "पोरीचं गाणं सोडून लोकांच्या दारात चाललात?" मी म्हटलं, "अगं, मुहूर्त आहे. चौकट मीच बसवायला हवी." मोठ्या तोऱ्यात म्हटलं.

आणि आता जिन्यात बसलेलो. आतून मंत्र ऐकू येत होते. चौकट बसवायला काकांनी ठाण्याच्या टेंभी नाक्यावरून दुसरा सुतार बोलावलेला, जातीनेही सुतार. आत जाताना त्याने माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. त्यालाही कळलं असणार.

पण त्याला एक गोष्ट माहीत नव्हती. बिजागरीच्या बाजूची भिंत ओळंब्यात नाही. ती तिरकी आहे म्हणून मी लाकडाच्या पाचरी तासून आणलेल्या. त्या पिशवीत होत्या आणि पिशवी माझ्यासोबत जिन्यात. उठून सांगावं का? दोनदा उठलो, दोनदा बसलो. मला कुणी विचारलं नव्हतं.

मुहूर्त साधला. खिळा ठोकला. नारळ त्याच्या हातात गेला. मग दार लावून बघितलं तर लागेना. वरचा कोपरा अडत होता. त्या सुताराने मुहूर्ताच्या घाईत ओळंबा लावलाच नव्हता. पुढचं काम आहे सांगून तो निघून गेला.

काकू बाहेर आल्या. "मिस्त्री, संध्याकाळी सत्यनारायण आहे, पाहुणे येतील. तुम्ही दाराला वरून जरा रंधा मारून द्या ना."

माझ्या दाराला? त्यांच्या वाकड्या चौकटीत बसावं म्हणून माझं सरळ दार मी तासायचं?

बाप आठवला. तोही असाच जिन्यात उभा राहायचा. बेल वाजवायची नाही, नुसती हाक मारायची, आणि आतून डबा सरकवला जायचा. मी उभा राहिलो.

"काकू, दार बरोबर आहे. चौकट वाकडी बसलीय. ती काढून परत बसवावी लागेल. ती मीच बसवीन आणि नारळ माझ्या हातात द्यायचा. सगळ्यांसमोर."

काका मागून म्हणाले, "अहो, मुहूर्त गेला आता. एवढं मनावर घेऊ नका."

"मनावरच घेतलंय," मी म्हटलं आणि पिशवी उचलून उतरलो.

चर्चला पोचलो तेव्हा उपासना संपलेली. लेक माझ्याशी बोलली नाही. पाळकांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "क्षमा करा. दुसरा गाल पुढे करा." ते उपदेशाला ज्या पुलपिटामागे उभे राहतात ते मीच बनवलंय. मी म्हटलं, "पाळकसाहेब, गाल दोनच असतात. माझे दोन्ही कधीच संपले."

त्यानंतर काकांचे दोन फोन आले. मी उचलले नाहीत.

आता माप घेण्याआधीच सांगतो. मी मांगाचा, रविवारी चर्चला जातो, त्या दिवशी काम नाही. चौकट मी बसवणार आणि मानाचा नारळ मीच घेणार. चालत असेल तर टेप काढतो. बरेच जण म्हणतात, "फोन करतो," आणि करत नाहीत. कामं कमी झालीत. बायको काळजी करते, मीही करतो.

तरी चालेल. पाचरी अजून पिशवीत आहेत. जिन्यात मात्र मी पुन्हा बसणार नाही.